अवधान-न्यूनता आणि घरचा जमाखर्च

मनुष्य आपल्या उत्पन्नाचा विनियोग कसा करतो, या प्रश्नाचा विचार करताना अर्थशास्त्र एक गोष्ट बहुधा न बोलताच गृहीत धरते. ती ही की, विनियोगाचा निर्णय एकदा झाला म्हणजे तो आपोआप अंमलात येतो. विजेचे बिल भरण्याची ऐपत आहे, इच्छा आहे, न भरल्यास काय होते याचे ज्ञानही आहे. मग ते भरले जाणारच, असा आपला हिशेब. परंतु ही तिन्ही असूनही ज्यांच्या टेबलावर बिल तसेच पडून राहते, असाही एक वर्ग समाजात आहे, आणि तो लहान नाही. प्रस्तुत लेखात या वर्गापैकी एका विशिष्ट समूहाचा विचार करावयाचा आहे. वैद्यकशास्त्रात ज्यास अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार म्हणतात आणि बोलण्यात जो एडीएचडी या आद्याक्षरांनी ओळखला जातो, तो विकार असलेल्या प्रौढ व्यक्तींचा हा समूह होय.

हा विकार अलीकडच्या काळाने निर्माण केला, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याने १७९८ सालीच अवधान एका जागी न ठरण्याच्या अवस्थेचे वर्णन केले होते. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल यांनी दिलेल्या व्याख्यानांत, बुद्धी शाबूत असूनही आत्मसंयमन न साधणाऱ्या मुलांची उदाहरणे आली आहेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात १९६८ मध्ये बाल्यावस्थेतील अतिचंचल प्रतिक्रिया म्हणून त्याची नोंद झाली. १९८० मध्ये नावात अवधानास अग्रस्थान मिळाले आणि १९८७ मध्ये आजचे नाव रूढ झाले. मूल मोठे झाले की हा दोष नाहीसा होतो, ही समजूत मात्र दीर्घकाळ टिकून राहिली. २०१३ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी मानली गेली. लक्षणांचा आरंभ बाराव्या वर्षापूर्वी झालेला असावा, एवढी अट राहिली. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र केल्या असता प्रौढांतील प्रमाण सुमारे अडीच टक्के येते. म्हणजे चाळीस जणांच्या वर्गात सरासरीने एक.

नावातील ‘न्यूनता’ हा शब्द काहीसा दिशाभूल करणारा आहे. अशा व्यक्तीजवळ अवधान कमी असते असे म्हणता येणार नाही. आवडीच्या विषयात ती सहा-सहा तास गढून जाते, जेवणही विसरते. अडचण अशी की, ते अवधान तिच्या हुकमात नसते. जेथे हवे तेथे ते वळत नाही आणि जेथे जडले तेथून ते निघत नाही. म्हणूनच बाहेरून पाहणाऱ्यास हा विकार पटत नाही. ‘क्रिकेटचे सगळे आकडे पाठ, मग विम्याच्या हप्त्याची तारीखच कशी लक्षात राहत नाही?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो, आणि त्याचे उत्तर ज्यास विचारले त्यालाही देता येत नाही.

द्रव्यव्यवहाराच्या दृष्टीने या विकाराची तीन अंगे महत्त्वाची आहेत. पहिले अंग कालबोधाचे. रसेल बार्कली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९७ पासून असे प्रतिपादन केले की, या विकाराच्या मुळाशी आत्मनियमनाचा, म्हणजे तात्कालिक प्रतिक्रिया आवरून भविष्याच्या धोरणाने वागण्याच्या शक्तीचा दोष आहे. अशा मनास ‘आता’ आणि ‘आता नाही’ एवढे दोनच काळ जाणवतात, असे जे म्हटले जाते ते अतिशयोक्त असले तरी निरर्थक नाही. दहा तारखेचा हप्ता हा नऊ तारखेपर्यंत ‘आता नाही’ या गोटात असतो आणि अकरा तारखेस तो एकदम संकट म्हणून उभा राहतो. दुसरे अंग पुढे करावयाच्या गोष्टीच्या स्मरणाचे. ‘पाच तारखेला भर’ ही आठवण आणि ‘पगाराचा संदेश आला की भर’ ही आठवण, या दोहोंत मानसशास्त्रज्ञ भेद करतात; पहिली वेळेवर टांगलेली असते, दुसरी घटनेवर. एडीएचडी असलेल्यांची पहिल्या प्रकारची स्मृती प्रयोगांत अधिक दुबळी आढळली आहे, दुसऱ्या प्रकारची त्या मानाने बरी. हा भेद वरवर क्षुल्लक वाटेल. पण पुढील सर्व व्यवस्थेचा पाया तोच आहे.

तिसरे अंग अधीरतेचे असून ते आपल्या शास्त्राच्या परिचयाचे आहे. अर्व्हिंग फिशर यांनी १९३० च्या व्याजविषयक ग्रंथात अधीरतेस व्याजाच्या उपपत्तीत स्थान दिले आणि सॅम्युएलसन यांनी १९३७ मध्ये तिला गणिती रूप दिले. परंतु त्या रूपात सवलतीचा दर स्थिर असल्यामुळे, आज केलेली निवड उद्या बदलण्याचे कारण उरत नाही. प्रत्यक्षात ती बदलते, हे स्ट्रॉट्झ यांनी १९५० नंतरच्या दशकातच दाखविले होते. पुढे प्रयोगांतून जे सूत्र स्थिर झाले ते असे की, भविष्यात मिळणाऱ्या रकमेचे आजचे मूल्य काढावयाचे तर तिला ‘एक अधिक क गुणिले दिवस’ या संख्येने भागावे. क हा व्यक्तीच्या अधीरतेचा अंक.

एक उदाहरण करून पाहू. आज ७०० रुपये की तीस दिवसांनी १,००० रुपये, अशी निवड आहे. ज्याचा क ०.०१ आहे त्याला तीस दिवसांनंतरचे १,००० रुपये आजच्या ७६९ रुपयांइतके वाटतात, तो थांबतो. ज्याचा क ०.०३ आहे त्याला तेच ५२६ रुपयांइतके वाटतात. तो ७०० घेऊन मोकळा होतो. येथवर विशेष काही नाही. दोन माणसांचे दोन स्वभाव. आता हीच निवड साठ दिवस आधी पुढे ठेवा, म्हणजे साठ दिवसांनी ७०० की नव्वद दिवसांनी १,०००. दुसऱ्या मनुष्याच्या लेखी पहिल्या रकमेचे मूल्य २५० येते व दुसऱ्या रकमेचे २७०. म्हणजे दुरून पाहताना हा अधीर मनुष्यही थांबण्याचेच ठरवितो. तो ते खोटेपणाने ठरवीत नाही. त्या क्षणी त्याचे मत खरोखरच तसे असते. साठ दिवस सरल्यावर मात्र तेच मत उलटते. पहिल्या मनुष्याचे मत दोन्ही वेळी सारखेच राहते. एडीएचडी असलेल्या व्यक्तींत हा सवलतीचा अंक सरासरीने मोठा असतो, हे अनेक प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणावरून दिसून आले आहे. जानेवारीत मनापासून केलेला बचतीचा संकल्प मार्चमध्ये मोडणाऱ्या मुलाला जो बाप लबाड म्हणतो, त्याने हे गणित एकदा मांडून पाहण्यासारखे आहे.

या तीन अंगांचा संयोग झाला म्हणजे जे नुकसान होते ते बहुधा एकाच मोठ्या घावाने होत नाही. ते झिरपत राहते. उशिराचे आकार, परत न केलेली सदोष वस्तू, चाळीस वेळा जायचे ठरवून दोनदा गेलेल्या व्यायामशाळेची वर्षभराची वर्गणी, घरात असलेली वस्तू न सापडल्यामुळे पुन्हा केलेली खरेदी, आयकराचे विवरण मुदतीत न भरल्याबद्दल ५,००० रुपयांपर्यंत बसणारे शुल्क. इंग्रजी बोलणाऱ्या समाजात या सर्वांस मिळून ‘एडीएचडी-कर’ असे नाव पडले आहे. नाव विनोदी असले तरी अर्थशास्त्रीय दृष्ट्या योग्य आहे. उत्पन्नावर बसणारा तो एक अधोगामी कर आहे, कारण उशिराचा आकार गरिबास व श्रीमंतास सारखाच पडतो.

क्रेडिट कार्डाच्या बाबतीत ही झिरप प्रवाहाचे रूप घेते. समजा, थकबाकी ४०,००० रुपये आहे, व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे आणि ‘किमान देय रक्कम’ थकबाकीच्या पाच टक्के, म्हणजे २,००० रुपये आहे. महिन्याचे व्याज १,४०० रुपये. त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर २५२ रुपये. दोन हजार भरून मुद्दल कमी झाले ते केवळ ३४८ रुपयांनी. शिवाय पूर्ण रक्कम न भरल्यामुळे नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही जाते. जे मन ‘आता’पुरतेच पाहते त्याला बिलावरील दोन आकड्यांपैकी लहान आकडा दिसतो, आणि तो भरल्यावर आपण कर्तव्य केले असे प्रामाणिकपणे वाटते. बिलाची मांडणी करणाऱ्यांना हे ठाऊक नसेल, असे मानण्याइतके भोळे राहण्याचे कारण नाही.

या प्रश्नाचे गांभीर्य किती आहे, हे स्वीडनमधील एका अभ्यासावरून कळते. बोशेन, बेन-डेव्हिड व बॉस यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात त्या देशाच्या पतविषयक व वैद्यकीय नोंदी एकत्र जोडून पाहिल्या होत्या. निदान झालेल्या व्यक्ती तारुण्याच्या आरंभी इतरांसारख्याच कर्ज मागतात आणि इतरांसारखेच ते फेडतात. मात्र मध्यम वयाकडे येता येता त्यांच्या थकबाकीचे प्रमाण अतिशय वेगाने वाढत जाते. पत ढासळते, कर्जाची गरज मात्र कायम राहते. विकार असलेल्या ज्या पुरुषांनी आत्महत्या केली त्यांच्या बाबतीत, मृत्यूच्या आधीच्या तीन वर्षांत थकीत कर्ज वाढत गेलेले आढळले. इतरांत तसा क्रम दिसला नाही. घरात कोणी पाकिटे न उघडता ड्रॉवरमध्ये टाकू लागला, तर त्याची थट्टा करण्यापूर्वी ही गोष्ट आठवावी. याच अभ्यासात औषधयोजनेचा आणि सुधारलेल्या आर्थिक वर्तनाचा संबंध दिसून आला नाही. यावरून औषध व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढणे चूक होईल. लक्षणांवर औषधाचा परिणाम होतो हे पुरेसे सिद्ध आहे, आणि ज्यांचा विकार तीव्र त्यांनाच औषध अधिक दिले जाते, ही अडचण अशा निरीक्षणात्मक अभ्यासात राहतेच. मात्र औषधाने मन स्थिर झाले तरी जमाखर्चाची व्यवस्था आपोआप उभी राहत नाही, एवढे म्हणावयास हरकत नसावी.

मग शिक्षणाने ती उभी राहील काय? आर्थिक साक्षरतेच्या वर्गांवर आपल्याकडे बराच भरवसा टाकला जातो. फर्नांडिस, लिंच व नेटमेयर यांनी २०१४ मध्ये २०१ अभ्यासांचे विश्लेषण करून असे दाखविले की, आर्थिक वर्तनातील तफावतीपैकी अशा शिक्षणाने उलगडणारा भाग केवळ ०.१ टक्का आहे. नंतरच्या विश्लेषणांनी याहून बरे चित्र काढले आहे, आणि प्रस्तुत लेखकाचे मतही शिक्षणाच्या विरुद्ध नाही. परंतु आपल्या समूहाच्या बाबतीत प्रश्न माहितीच्या अभावापेक्षा माहिती योग्य क्षणी हाताशी नसण्याचा अधिक आहे. काही वर्षांपूर्वी विभागात एक संशोधक विद्यार्थी होता. त्याचा विषय कौटुंबिक बचतीचाच होता आणि सवलत-दराची समीकरणे तो फळ्यावर टिपणावाचून मांडीत असे. त्याच सत्रात त्याच्या खात्यातून हप्ता परत गेल्याबद्दलचा आकार चार वेळा वजा झाला होता. ही गोष्ट त्याने स्वतःच हसत हसत सांगितली. हसणे फार वेळ टिकले नाही.

बार्कली यांचे एक तत्त्व येथे उपयोगी पडते. विकार ज्ञानाचा नसून कृतीचा असेल, तर मदतही जेथे व ज्या क्षणी कृती घडावयाची तेथेच ठेवली पाहिजे. मनाच्या आत जी व्यवस्था टिकत नाही ती मनाबाहेर, वस्तूंत, माणसांत व संस्थांत मांडावयाची. हे सूत्र हाती घेऊन आपल्याकडील बचतीच्या जुन्या रीतींकडे पाहिले असता त्या निराळ्याच प्रकाशात दिसू लागतात.

पिग्मी ठेवीचे उदाहरण घ्या. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये दोन आण्यांपासून ही योजना सुरू केली. पुढे महाराष्ट्रातील पतसंस्थांनी ती गावोगाव नेली. प्रतिनिधी रोज ठरलेल्या वेळी दुकानाच्या दारात उभा राहतो, गल्ल्यातील रक्कम घेतो, पुस्तकात नोंद करतो व जातो. व्याज अगदी बेताचे. केवळ परताव्याचा हिशेब करणाऱ्याला हा व्यवहार मूर्खपणाचा वाटतो. स्टुअर्ट रदरफोर्ड यांनी वर्णन केलेली विजयवाड्याच्या झोपडपट्टीतील रीत याच्याही पुढची आहे. तेथे रोज पाच रुपयांप्रमाणे २२० दिवस पैसे द्यावयाचे आणि शेवटी ११०० ऐवजी १,००० रुपये परत घ्यावयाचे. वार्षिक हिशेबाने हे सुमारे उणे तीस टक्के व्याज झाले. तरीही बायका पैसे देत होत्या. कारण त्या शंभर रुपयांत त्यांनी पैसा सांभाळण्याची सेवा तर विकत घेतलीच, पण त्याखेरीज रोज दारात येऊन उभे राहणारे एक स्मरण आणि एक जरब हीही विकत घेतली. वेळेवर टांगलेली आठवण पिग्मीवाल्याने घटनेवर टांगून दिलेली असते. दारातला मनुष्य विसरता येत नाही.

भिशीचे कार्यही असेच, फक्त तेथे जरब शेजारणींची असते. स्वतःला दिलेला शब्द मोडणाऱ्या व्यक्तीही दहा जणींना दिलेला शब्द सहसा मोडीत नाहीत. मात्र एक सावधगिरी सांगितली पाहिजे. भिशीत ज्याला रक्कम आधी मिळते त्याच्यासाठी ते कर्ज असते, ज्याला शेवटी मिळते त्याच्यासाठी ती बचत असते. अधीर मनुष्याने पहिला क्रमांक मागून घेतला तर त्याच्या हाती कर्जच पडावयाचे. शिवाय खाजगी भिशीला कायद्याचे पाठबळ नसते. ती ओळखीवर उभी असते आणि ओळखीबरोबरच बुडते.

पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्थांची रचना या दोहोंहून भक्कम. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या ४९ व्या कलमान्वये सभासदाने लिहून दिले असता मालक संस्थेची रक्कम पगारातून परस्पर कापून देतो. भविष्यनिर्वाह निधीचे तत्त्वही तेच. पैसा हातात येण्यापूर्वीच निघून गेलेला असतो, त्यामुळे निर्णयाचा क्षणच येत नाही. पतपेढीचे कर्ज सुलभ असल्यामुळे तिचा सभासद कधी कधी जन्मभर कापला जातो, ही दुसरी बाजूही नजरेआड करू नये. पण रचनेचे मर्म खरे आहे. फिलिपाईन्समध्ये अश्रफ, कार्लन व यिन यांनी जे केले तेही याहून निराळे नव्हते. ठरलेल्या तारखेपूर्वी किंवा ठरलेल्या रकमेपूर्वी पैसे काढता येणार नाहीत असे खाते त्यांनी बँकेच्या ग्राहकांपुढे ठेवले. जास्त व्याजाचे आमिष नव्हते. सुमारे २८ टक्के लोकांनी आपणहून हे बंधन पत्करले. भारतातील मजुरांवर दिलीप सोमण व अमर चीमा यांनी केलेल्या प्रयोगात (२०११) साधन आणखी साधे होते. बचतीची रक्कम बंद पाकिटात घालून त्यावर मजुराच्या मुलांचे छायाचित्र लावले, तर ते पाकीट फोडण्यास हात धजत नसे. तीच रक्कम दोन पाकिटांत विभागली तर बचत आणखी वाढे. आपल्या घरांत एक तारखेला वाणी, दूध, फी अशी पाकिटे करून कपाटात ठेवणाऱ्या गृहिणींनी हा प्रयोग पिढ्यान्पिढ्या केला आहे. त्याचा निबंध मात्र कोणी लिहिला नाही.

या सर्व रीतींचा समान गुण घर्षण हा होता. पैसा खर्च होण्याच्या वाटेत काहीतरी आडवे येत असे, आणि बचतीच्या वाटेतले अडथळे कोणीतरी दूर करीत असे. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि खर्चाच्या वाटेतील घर्षण जवळजवळ नाहीसे झाले. रोख पैसा देताना जो सूक्ष्म चटका बसतो तो प्रेलेक व लोवेनस्टाईन यांनी १९९८ मध्ये सिद्धांतरूपाने मांडला. प्रेलेक व सिमेस्टर यांच्या २००१ च्या लिलाव-प्रयोगात, रोखीऐवजी कार्डाने पैसे द्यावयाचे आहेत असे सांगितल्यावर त्याच तिकिटांसाठी बोली काही बाबतींत दुपटीपर्यंत चढली. चौकटीचे चित्र टिपून चहाचे पैसे देणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला तो चटकाही नाही आणि पाकीट हलके झाल्याचा स्पर्शही नाही. सर्वसामान्य मनुष्याला ही सोय आहे. ज्याचे अंतर्गत लगाम दुबळे आहेत त्याच्यासाठी मात्र बाहेरचा लगामही गेला.

यावर ‘यूपीआय वापरू नका’ हा उपदेश व्यवहार्य नाही. व्यवहार्य आहे ते खात्यांचे विभाजन. पगार ज्या खात्यात येतो त्यास यूपीआय व कार्ड जोडूच नये. घरभाडे, हप्ते, विमा, आवर्ती ठेव यांच्या वजावटी त्या खात्यातून व्हाव्यात, आणि दर आठवड्यास एक ठरीव रक्कम दुसऱ्या बँकेतील खर्चाच्या खात्यात स्थायी सूचनेने जावी. फोनमध्ये फक्त हे दुसरे खाते असावे. महिन्याऐवजी आठवडा घेण्याचे कारण उघड आहे. तीस दिवसांचे क्षितिज ज्यास दिसत नाही त्यास सात दिवसांचे बहुधा दिसते. रविवारी खाते रिकामे झाले तरी घरभाडे सुरक्षित असते. हा जुना पाकिटांचाच प्रकार असून बँकेने फक्त पाकिटाचे रूप बदलले आहे.

स्वयंचलित वजावटीची मात्र आंधळेपणाने स्तुती करू नये. ती दुधारी आहे. खात्यात पैसे नसताना वजावट आली की बँक आकार लावते, कर्ज देणारी संस्थाही लावते, आणि पतनोंदीवर डाग पडतो तो निराळाच. यासाठी वजावटीची तारीख पगाराच्या लगोलग, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची हवी. पंधरा-वीस तारखेची वजावट म्हणजे या विकारास दिलेले आव्हानच. कार्डाच्या बिलाचे चक्र बदलून घेण्याची सोय कार्डधारकास दिली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. दुसरी धार अशी की, विस्मरणाचा फायदा जसा बचतीस मिळतो तसा तो विक्रेत्यासही मिळतो. चित्रपट, संगीत, साठवण यांच्या मासिक वर्गण्या वर्षानुवर्षे कापल्या जात राहतात. वजावटीपूर्वी किमान २४ तास सूचना येते खरी, परंतु दिवसाला शंभर सूचना येणाऱ्या फोनमध्ये एकशे एकावी सूचना कोण वाचतो?

छात्रवृत्तीधारकांची स्थिती याहून बिकट आहे, आणि या पत्रिकेच्या वाचकांपैकी पुष्कळांना तिचा अनुभव असेल. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. पण ती दरमहा येईलच असे नाही. सात महिने काही नाही आणि एके दिवशी २,५९,००० रुपये खात्यात, असा प्रकार घडतो. सात महिने मित्रांच्या उधारीवर काढलेल्या मनाला ही रक्कम उत्पन्न वाटत नाही, बक्षीस वाटते. यावर एकच उपाय प्रस्तुत लेखकाने यशस्वी झालेला पाहिला आहे. उधारी फेडून उरलेली सर्व रक्कम त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकावयाची व तेथून दर आठवड्यास स्वतःच स्वतःला पगार द्यावयाचा. ‘त्याच दिवशी’ हे शब्द महत्त्वाचे. रक्कम आल्याचा संदेश ही घटना आहे. काम त्या घटनेला बांधले तर होते, ‘या शनिवारी निवांत करू’ असे ठेवले तर होत नाही. पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये विशद केलेले ‘अमुक झाले की तमुक करीन’ या साच्याचे संकल्प याच जातीचे आहेत, आणि एडीएचडी असलेल्या मुलांच्या बाबतीतही ते उपयोगी ठरल्याचे प्रयोग झाले आहेत.

आवेगाने केलेल्या खरेदीबद्दल फार लिहिण्याची आवश्यकता नाही. ‘चोवीस तास थांबा’ हा सल्ला सर्वांना माहीत आहे आणि तो कोणी पाळीत नाही. दुकानाच्या संकेतस्थळावर साठवून ठेवलेला कार्डाचा तपशील पुसून टाकणे हे त्याहून परिणामकारक, कारण त्यासाठी संयम एकदाच लागतो. आवेगाने काढलेल्या कर्जाबद्दल मात्र एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. फोनवरून मिळणाऱ्या कर्जांस रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या मार्गदर्शक नियमांनी विचारबदलाची मुदत लागू केली. त्या मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचे व्याज परत केले की कर्जातून दंडावाचून बाहेर पडता येते. रात्री दोन वाजता घेतलेल्या कर्जाचा पश्चात्ताप सकाळी होतो, हे येथे नियमकर्त्यांनी ओळखले आहे. शेअरबाजारातील वायदे व ऑप्शन्सच्या बाबतीत अशी मुदत नाही. सेबीच्या २०२४ मधील पाहणीनुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात या व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. क्षणाक्षणाला हलणारा आकडा, ताबडतोब मिळणारा निकाल, कंटाळ्यास वावच नाही, असा हा व्यवहार चंचल अवधानास जितका रुचतो तितकाच घातक ठरतो.

शेवटी घरातील दुसऱ्या माणसाचा प्रश्न येतो आणि तो सर्वांत नाजूक आहे. पैशाचा कारभार जोडीदाराकडे सोपवावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यात सोय आहे, परंतु काही काळाने सोपविणारा घरातला अज्ञान मुलगा होतो आणि सांभाळणारा पहारेकरी होतो. पहाऱ्यातून लपवाछपवी जन्मते. लपविलेले कर्ज उघड्या कर्जाहून नेहमीच महाग पडते. स्त्रियांच्या बाबतीत तर निदानच उशिरा होते. घर चालविण्याची जबाबदारी तिच्यावर, विसरली की ती ‘वेंधळी’. या शब्दाखाली किती जणींचा विकार झाकला गेला असेल, याची मोजदाद नाही.

कारभार सोपविण्याऐवजी शेजारी बसणे हा प्रकार अधिक चांगला चालतो असे दिसते. दुसऱ्या माणसाने काहीही करावयाचे नसते. प्रश्न विचारावयाचे नसतात, सल्ला तर मुळीच द्यावयाचा नसतो. तो आपले वर्तमानपत्र वाचतो, आणि त्याच्या केवळ उपस्थितीने पहिल्याचे अवधान कागदांवर टिकते. या उपायावर शास्त्रीय अभ्यास अद्याप थोडाच झाला आहे. परंतु विकार असलेली माणसे एकमेकांस तो आवर्जून सांगतात. वर ज्याचा उल्लेख केला तो संशोधक विद्यार्थी आता एका महाविद्यालयात शिकवितो. दर शनिवारी सकाळी त्याची थोरली बहीण चहाला येते. ती भाजी निवडते आणि तो टेबलावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा पालथा करतो. आठवड्यात आलेले प्रत्येक बिल, पावती व न उघडलेले पाकीट त्यात टाकण्याचा नियम आहे. उघडण्याचा नियम फक्त शनिवारचा. वीस मिनिटे लागतात. मागील वर्षी कार्डाची थकबाकी संपली तेव्हा त्याने बहिणीला ते सांगितले नाही, कारण थकबाकी किती होती हेच तिला कधी ठाऊक नव्हते. ती मात्र भाजीची ताटली बाजूला ठेवून म्हणाली, ‘आज तुझा डबा लवकर रिकामा झाला रे.’